धणे उगवले, मग कोलमडले

प्रश्न : घटस्थापनेनंतर परसात धणे, मेथी पेरली. उगवली छान, पण आठवड्यात रोपं बुडाशी नरम पडून आडवी झाली. बियाणं बोगस होतं का? – एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : ताई, उगवलं म्हणजे बियाणं चांगलंच होतं. बुडाशी नरम पडणं ही बुरशीची खूण. तापी खोऱ्यातली काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात ऑक्टोबरच्या उन्हाला घाबरून आपण रोज पाणी घालतो, मग बुरशीला फावतं. वीतभर उंच गादीवाफा करा, पूर्ण कुजलेलंच शेणखत घाला. धणे रगडून दोन फाकी करा, ट्रायकोडर्मा हे जैविक बुरशीनाशक चोळून विरळ पेरा. बोट खुपसल्यावर माती कोरडी लागली तरच पाणी द्या. दुपारी जुन्या साडीची सावली पुरते. औषध लावलेले उरलेले धणे मात्र चुकूनही स्वयंपाकात नकोत. दिवाळीनंतर पेरलंत तरी बिघडत नाही. थंडीत कोथिंबीर भरघोस येते, भरिताच्या वांग्यांबरोबरच.