इमारत आणि कर्ज : बंगळूरचा अनुभव

शेतकरी पेरणीच्या वेळी बी-बियाणे व खत यांवर खर्च करतो आणि चार-सहा महिन्यांनी पीक हाती आल्यावर तो वसूल करतो. कापडगिरणी कापूस विकत घेते आणि काही आठवड्यांत कापड बाजारात पाठवते. इमारती बांधून विकणाऱ्या कंपनीच्या बाबतीत मात्र खर्च आणि वसुली यांमधील अंतर वर्षांत मोजावे लागते. जमीन मिळवणे, तिच्या मालकीहक्काची छाननी करणे, नकाशे मंजूर करून घेणे आणि मग प्रत्यक्ष बांधकाम करणे, यांत चार-पाच वर्षे सहज निघून जातात. एवढा काळ पुरेल इतका स्वतःचा पैसा क्वचितच कोणापाशी असतो. म्हणून या व्यवसायात कर्ज हे केवळ अडचणीच्या वेळचे साधन नसते. सिमेंट आणि पोलाद यांच्याप्रमाणेच तो एक कच्चा माल असतो.

हा कच्चा माल कोठून येतो, त्याची किंमत कोण देतो आणि काम लांबले तर नुकसान कोणाच्या पदरी पडते, हे तीन प्रश्न समजून घेण्यासाठी बंगळूर हे सोयीचे उदाहरण आहे. प्रेस्टिज व ब्रिगेड या तेथील दोन मोठ्या बांधकाम कंपन्या १९८६ मध्ये सुरू झाल्या, तर शोभा ही कंपनी १९९५ मध्ये. संगणक-सेवांचा उद्योग वाढला, देशभरातून नोकरदार या शहरात येऊ लागले आणि व्हाइटफील्डपासून बाह्य वर्तुळाकार रस्त्यापर्यंत घरे व कचेऱ्या यांची मागणी एकाच वेळी वाढली. त्यामुळे कर्जाचे जवळजवळ सर्व प्रकार या एका शहरात पाहावयास मिळतात.

जमिनीसाठी लागणारा पैसा

पहिली अडचण जमिनीची असते. खाजगी बांधकाम व्यावसायिकांना जमीन खरेदीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असे धोरण रिझर्व्ह बँकेने दीर्घकाळ ठेवले. मोकळी जमीन काहीच उत्पन्न देत नाही. तिची किंमत मुख्यतः भविष्याच्या अपेक्षेवर अवलंबून असते. ठेवीदारांचा पैसा अशा सट्ट्यात अडकू नये, हा त्यामागील हेतू होय. मग जमिनीसाठी पैसा येतो तो स्वतःच्या भांडवलातून, खाजगी गुंतवणूक निधींकडून किंवा बिगर-बँक वित्तसंस्थांकडून. हा पैसा महाग असतो. उदाहरणादाखल, जमिनीसाठी १०० कोटी रुपये सालीना १८ टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले आणि मंजुरी मिळण्यास ३ वर्षे लागली, असे धरू. एक वीटही न रचता त्या कर्जाचे सुमारे १६४ कोटी झालेले असतात. ही ६४ कोटींची भर अखेरीस घराच्या किमतीत तरी जाते, नाही तर कंपनीच्या नफ्यातून तरी जाते.

या ओझ्यातून सुटण्यासाठी बंगळूरमध्ये संयुक्त विकासाच्या कराराचा मोठा उपयोग केला गेला. यात कंपनी जमीन विकत घेत नाही. जमीनमालक जमीन देतो, कंपनी बांधकामाचा खर्च करते आणि तयार झालेल्या क्षेत्रफळाचा किंवा विक्रीच्या रकमेचा ठरलेला वाटा मालकाला मिळतो. बहुधा त्याला आरंभी काही अनामत रक्कमही दिली जाते. वरवर पाहता येथे कर्ज कोठेच दिसत नाही. पण बारकाईने पाहिले तर मालकाने आपल्या जमिनीची किंमत चार-पाच वर्षे उधार ठेवलेली असते. व्याजाऐवजी त्याला वाढत्या किमतीतील वाटा मिळतो. आणि काम रखडले तर त्याची जमीनही अडकून पडते.

बांधकामासाठी बँकेचे कर्ज

नकाशे मंजूर झाल्यावर बँक पुढे येते. तिचे कर्ज एकरकमी मिळत नाही. पाया, मजले, गिलावा अशा टप्प्यांनुसार, काम तपासून, ते दिले जाते आणि त्याआधी प्रवर्तकाने स्वतःचा ठरलेला हिस्सा घालावा, अशी अट असते. जमीन, उभी राहणारी इमारत आणि ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम ही तिन्ही बँकेकडे तारण राहतात. अशा प्रकल्पातील सदनिका विकताना त्या सदनिकेवरील आपला हक्क सोडत असल्याचे बँकेचे ना-हरकत पत्र आवश्यक ठरते. घर घेणाऱ्याने हे पत्र पाहण्याचा आग्रह धरणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

न दिसणारा सावकार

बांधकाम सुरू असतानाच सदनिका विकल्या जातात आणि ग्राहक हप्त्यांनी पैसे भरू लागतात. कंपनीच्या दृष्टीने हा सर्वांत स्वस्त पैसा होय, कारण त्यावर व्याज द्यावे लागत नाही. ग्राहकाला आपण घर विकत घेत आहोत असे वाटते; वस्तुतः घराचा ताबा मिळेपर्यंत तो कंपनीला पैसे उसने देत असतो. बँकेजवळ तारण असते, तपासणीसाठी अभियंता असतो आणि वकीलही असतो. ग्राहकाजवळ मात्र बहुधा केवळ एक करारपत्र असते आणि त्याच्या डोक्यावर स्वतःच्या गृहकर्जाचा हप्ता असतो.

हा पैसा हाती आला की तो दुसऱ्या जमिनीत गुंतवण्याचा मोह होतो. पहिल्या इमारतीचा पैसा दुसऱ्या जमिनीत, दुसरीचा तिसऱ्या जमिनीत, अशी साखळी मागणी वाढत असेपर्यंत चालते. विक्री मंदावताच सर्व कामे एकदम थांबतात. हा धोका नवा नाही. महाराष्ट्राने १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातच ग्राहकांकडून घेतलेल्या रकमा वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट घातली होती.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने हे बंधन देशभर अधिक कडक केले. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती केवळ त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठी आणि झालेल्या कामाच्या प्रमाणातच काढता येते. त्यासाठी अभियंता, वास्तुशिल्पी व सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात. करार झाल्यावर ती सदनिका गहाण ठेवण्यास मनाई आहे. ताबा लांबला तर ग्राहकाला विलंबाबद्दल व्याज किंवा व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे. उसने घेतलेल्या पैशाची किंमत अशा रीतीने स्पष्टपणे ठरली. पुढे २०१८ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन ग्राहकांनी दिलेली रक्कम ही कर्जच समजावी असे ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. कंपनी बुडाल्यास धनकोंच्या समितीत ग्राहकांना आपल्या प्रतिनिधीमार्फत मत देता येऊ लागले. तथापि मत मिळणे आणि घर मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विसरून चालत नाही.

कचेऱ्यांच्या इमारती

कचेऱ्यांच्या इमारतींची रीत वेगळी आहे. त्या बहुधा विकल्या जात नाहीत, भाड्याने दिल्या जातात. त्यामुळे बांधकाम चालू असताना ग्राहकाचा पैसा येत नाही आणि कर्जाचा भार वाढत जातो. मात्र भाडेकरू आला की चित्र पालटते. पुढील अनेक वर्षांच्या भाड्याच्या तारणावर बँक कमी दराने कर्ज देते आणि त्यातून बांधकामाचे महाग कर्ज फेडले जाते. दरसाल १० कोटी भाडे येत असेल, तर ९ टक्के व्याजाने दहा वर्षांत त्या भाड्यातून जास्तीत जास्त सुमारे ६४ कोटींचे कर्ज फिटू शकते. भाडेकरू सोडून जाण्याचा संभव लक्षात घेऊन बँक त्याहूनही कमी देते.

याच्या पुढची पायरी म्हणजे भाड्याच्या इमारती एका विश्वस्त निधीत घालून त्याचे घटक जनतेला विकणे. भारतातील असा पहिला निधी बंगळूरच्या एम्बसी समूहाने ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेबरोबर उभारला. मार्च २०१९ मध्ये दरघटक ३०० रुपये या दराने त्याने ४,७५० कोटी रुपये जमवले आणि त्यातील मोठा भाग जुनी कर्जे फेडण्यात गेला. अशा निधीचे कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम आहे.

मुदतीचे गणित

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. एका इमारतीला एकच कर्ज नसते, तर कर्जांची रांग असते. प्रत्येक कर्ज पुढच्या पैशाने फिटावयाचे असते. ही रांग कोठेही तुटली की संकट येते. शोभा कंपनीने २००६ च्या अखेरीस ६४० रुपये दराने आपले भाग जनतेला विकले, तेव्हा मागणी उपलब्ध भागांच्या शंभरपटीहून अधिक होती. २००८ मध्ये जगभर पैशाची टंचाई झाली, घरांची विक्री मंदावली, पण व्याज चालूच राहिले. २००९ मध्ये त्याच कंपनीने कर्जभार हलका करण्यासाठी मोठ्या संस्थांना भाग विकून सुमारे ५२७ कोटी उभे केले. दर होता २०९ रुपये ४० पैसे. पूर्वीच्या दराने या रकमेसाठी सुमारे ८२ लाख भाग पुरले असते. आता सुमारे २ कोटी ५२ लाख द्यावे लागले. कंपनी सावरली, परंतु कर्ज हलके करण्याची किंमत जुन्या भागधारकांनी आपल्या मालकीचा वाटा घटवून दिली.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसमूहाने कर्जफेड थांबवली, तेव्हा हीच गोष्ट सावकारांच्या बाजूने दिसून आली. अनेक बिगर-बँक संस्था काही महिन्यांच्या मुदतीने पैसा उभारून तो बांधकाम कंपन्यांना वर्षांच्या मुदतीने देत होत्या. त्यांना नवा पैसा मिळेनासा झाला आणि अर्धवट इमारतींचा पुरवठा आटला. अडकलेले गृहप्रकल्प पूर्ण करण्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारला २५,००० कोटींचा विशेष निधी जाहीर करावा लागला.

यावरून असे दिसते की कर्ज किती आहे यापेक्षा ते किती मुदतीचे आहे आणि कोणत्या येणाऱ्या पैशातून फिटणार आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या कंपनीला विक्री दोन वर्षे थांबली तरी व्याज भरता येते, ती इमारत पूर्ण करते. जिला ते शक्य नसते, तिच्या अपुऱ्या इमारतीचा भार शेवटी त्या माणसावर पडतो, जो एकीकडे घराचे भाडे व दुसरीकडे न मिळालेल्या घराचा हप्ता भरत असतो.