जुन्या पेट्रोल एंजिनाची ठिणगीची वेळ व ती तपासण्याचा दिवा

आमच्या सभासद-बंधूंपैकीं कित्येकांच्या गोठ्याशेजारीं अद्यापि एखादी जुनी पेट्रोल जीप उभी असलेली आढळते. बाजाराचे दिवशीं भाजीपाल्याच्या पाट्या व खताचीं पोतीं नेण्यास ती उपयोगीं पडते, आणि वडिलांनीं घेतलेली वस्तु म्हणून ती मोडींत घालावयास मन धजत नाहीं. अशा गाड्यांबद्दल ठराविक तक्रारी कानीं येतात. पेट्रोल फार लागतें, चढणीवर दम सुटतो, पाणी उकळतें, आणि हँडल मारूं गेल्यास तें उलट तडाखा देतें. यावर रेडिएटर धुणें, कार्ब्युरेटर खोलणें, प्लग बदलणें असे उपाय क्रमाक्रमानें होतात व खर्च वाढत जातो. पुष्कळदां दोष यांपैकीं कशांतच नसून ठिणगी पडण्याच्या वेळेंत असतो. ही वेळ डोळ्यांस दाखविणारें एक साधें उपकरण मिळतें. त्यास मिस्त्री लोक ‘टायमिंग लाइट’ म्हणतात. तें कसें निवडावें, कसें वापरावें, आणि त्याच्या साक्षीवर कितपत विसंबावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथमच एक मर्यादा सांगितली पाहिजे. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. म्हणून ट्रॅक्टरास व डिझेल पंपास पुढील विवेचन लागू नाहीं. अलीकडील पेट्रोल गाड्यांत ही वेळ विद्युत्-यंत्रणाच ठरविते. तेथें हातानें फिरविण्यास कांहीं नसतें. आम्ही उदाहरणादाखल विलीस जातीच्या जीपचें ‘हरिकेन’ एंजिन घेतों. तें चार सिलिंडरांचें, सुमारें २,२०० घन सेंटिमीटरांचें असून महिंद्र कंपनीच्या पेट्रोल जीपमुळें आपल्याकडे परिचयाचें आहे.

१. ठिणगीची वेळ म्हणजे काय?

सिलिंडरांतील पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्या वर येतांना दाबलें जातें व प्लगची ठिणगी त्यास पेटवितें. परंतु मिश्रण एका क्षणांत पेटत नाहीं. जाळ पसरण्यास थोडा अवकाश लागतो. म्हणून दट्ट्या अगदीं माथ्यावर पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडावी लागते. किती आधीं, तें क्रँकच्या अंशांत सांगतात. वरील एंजिनास हें प्रमाण माथ्यापूर्वीं ५ अंश असें आहे.

हें अंतर किती सूक्ष्म आहे पाहा. एंजिन मिनिटास ६०० फेरे घेत मंद चाललें असतां सेकंदास १० फेरे, म्हणजे ३,६०० अंश होतात. अर्थात् ५ अंशांस सेकंदाचा ७२० वा भाग लागतो. गति वाढली म्हणजे हा अवकाश आणखी कमी होतो. म्हणून ठिणगी अधिक आधीं पाडावी लागते. तें काम डिस्ट्रिब्यूटरमधील फिरत्या वजनांची जोडी आपोआप करते. वेग वाढला कीं वजनें बाहेर फांकतात व ठिणगी पुढें सरकवितात.

पेरणीस जसा वाफसा, तशी दट्ट्यास ही वेळ. वाफशापूर्वीं पेरलें तरी बीं वायां, वाफसा उडून गेल्यावर पेरलें तरी वायां. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावरच स्फोटाचा घाव बसतो. ओझें घेऊन चढतांना एंजिन खणखण ठोकूं लागतें, दट्ट्या व बेअरिंगें यांची हानि होते, आणि हँडल उलट फिरून मनगट मोडूं शकतें. ठिणगी उशिरां पडली तर जाळ दट्ट्यास ढकलण्याऐवजीं एक्झॉस्टच्या वाटेनें बाहेर जातो. शक्ति घटते, पेट्रोल अधिक जळतें, पाणी तापतें, व कालांतरानें एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह भाजून निकामी होतो.

२. दिवा काय करतो?

पहिल्या सिलिंडरच्या प्लगला ठिणगी गेली कीं दिवा त्याच क्षणीं एकदां लखलखतो. क्रँकच्या पुलीवर एक खांच व शेजारीं स्थिर दर्शक असतो. दर लखलखाटाच्या वेळीं खांच एकाच ठिकाणीं येत असल्यामुळें फिरणारी पुली डोळ्यांस थांबल्यासारखी दिसते, आणि खांच दर्शकाच्या कोणत्या अंशासमोर आहे तें वाचतां येतें. ६०० फेऱ्यांस पहिल्या सिलिंडरची ठिणगी सेकंदास ५ वेळां पडते. तेवढे लखलखाट डोळ्यास पुरतात. अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन यांनीं सन १९३१ च्या सुमारास फिरत्या यंत्रांच्या निरीक्षणासाठीं विजेच्या लखलखाटाची जी रीत प्रचारांत आणली, तिचेंच हें घरगुती रूप होय.

३. दिवा कोणता घ्यावा?

पहिला प्रकार निऑनचा. तो प्लग व त्याची तार यांच्या मध्येंच जोडतात व त्यास बॅटरी लागत नाहीं. किंमत अल्प, परंतु उजेड इतका फिका कीं अंधारावांचून खूण दिसत नाहीं. दुसरा झेनॉनचा. त्याचे दोन चिमटे बॅटरीस लावतात व तिसरा चिमटा पहिल्या प्लगच्या तारेभोंवतीं नुसता अडकवितात. तार सोडावी लागत नाहीं. याचा प्रकाश पांढरा व प्रखर असतो. तिसरा प्रकार यासारखाच, परंतु त्यावर अंशांची चकती असते. ती फिरवून लखलखाट हवा तितका उशिरां पाडतां येतो, व वेग वाढल्यावर ठिणगी एकूण किती अंश पुढें सरकते तें मोजतां येतें.

एका जीपच्या धन्यास दुसरा प्रकार पुरेसा आहे. गांवांतील चौघांनीं मिळून घ्यावयाचा असेल तर तिसरा घ्यावा. मात्र साधी तपासणी करतांना चकती शून्यावर आहे हें आधीं पाहावें. कवच प्लॅस्टिकचें असावें, धातूचें नसावें; तारा लांब असाव्या, म्हणजे पंख्यापासून दूर उभें राहतां येतें. फार जुन्या जीपांस ६ व्होल्टची बॅटरी असते व दिवा बहुधा १२ व्होल्टचा मिळतो. अशा वेळीं तारेभोंवतीं अडकविण्याच्या जातीचा दिवा घेऊन त्यास वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वीज द्यावी.

४. आधीं खुणेची खात्री

येथें आम्हांस विशेष आग्रहानें एक गोष्ट सांगावयाची आहे. महसूल खात्यांत ज्यांनीं दिवस काढले त्यांस ठाऊक आहे कीं मोजणीची साखळी कितीही खरी असली तरी हद्दीचा दगडच सरकलेला असेल तर नकाशा खोटाच निघतो. दिव्याचेंही तसेंच आहे. ठिणगीच्या क्षणीं खांच कोठें आहे एवढेंच तो सांगतो. ती खांच खरोखर दट्ट्याच्या माथ्याची आहे कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें.

आमच्या पाहण्यांतील एक जीप चढणीवर फार ठोकीत असे. दिवा लावला तों खांच बरोबर ५ अंशांवर. पेट्रोलला दोष देऊन प्रकरण मिटविण्यांत आलें. पुढें एंजिनाच्या मागील चक्रावरची खूण पाहिली, तेव्हां पुली दुसऱ्याच एंजिनाची बसविलेली निघाली. तिची खांच १० अंशांनीं चुकीची होती, व ठिणगी वस्तुतः १५ अंश आधीं पडत होती. दिवा खरें बोलत होता. दगड सरकला होता.

म्हणून प्रथम किल्ली बंद करून गिअर मोकळा ठेवावा, हातब्रेक ओढावा व सर्व प्लग काढावे. पहिल्या सिलिंडरच्या, म्हणजे रेडिएटरकडील, भोंकावर अंगठा धरून हँडल हळू फिरवावें. हवेचा दाब अंगठ्यास लागूं लागला कीं दट्ट्या ठिणगीच्या फेऱ्यांत वर येत आहे असें समजावें. चक्राच्या कवचास खिडकी असल्यास तींतून माथ्याची खूण पाहावी व त्याच वेळीं पुलीची खांच जुळते कीं नाहीं तें ताडावें.

खिडकी नसेल, परंतु प्लगचें भोंक थेट दट्ट्यावर उघडत असेल, तर दुसरी युक्ति आहे. जुन्या प्लगच्या कवचांत गोल टोंकाचा दांडा पक्का बसवून तें कवच भोंकांत आवळावें. क्रँक हलकेच फिरवून दट्ट्या दांड्यास टेकला कीं दर्शकासमोर पुलीवर खूण करावी. मग उलट फिरवून पुन्हां टेकला कीं दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांमधील लहान अंतराचा मध्य हाच माथा. काम होतांच दांडा काढून घ्यावा. भोंक दट्ट्यावर नसल्यास ही युक्ति चालत नाहीं; पुढें हेड उघडेल त्या वेळीं दट्ट्या पाहून खूण करून ठेवावी.

दर्शकावर अंश नसल्यास पुलीचा परिघ सुतळीनें मोजून ७२ नें भागावा. येईल तें ५ अंशांचें अंतर. परिघ ४५ सेंटिमीटर भरला तर हें अंतर सव्वासहा मिलिमीटर होतें. पुढून पाहतां घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें माथ्याच्या खुणेपुढें तितक्या अंतरावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढावी.

५. सावधगिरी

हें कलम वाचल्यावांचून दिवा हातीं धरूं नये. ज्या लखलखाटानें पुली थांबलेली दिसते, त्याच लखलखाटानें पंख्याचीं पातींही थांबलेलीं किंवा संथ फिरतांना भासतात. तीं थांबलेलीं नसतात. खूण नीट दिसावी म्हणून हें काम बहुधा तिन्हीसांजेस करतात, आणि नेमक्या त्याच वेळीं उघड्या डोळ्यांस पंखा दिसेनासा होतो. डोळ्यांवर विश्वास ठेवून पुसण्याचें फडकें किंवा बोट पुढें नेल्यास बोट जातें. उपरणें, मफलर, सैल बाह्या, लोंबता पदर यांपैकीं कांहींही जवळ असूं नये. दिव्याच्या तारा पंखा, पट्टा व तापलेला एक्झॉस्ट यांपासून दूर बांधाव्या. मुलांस लांब ठेवावें. एंजिन बंद खोलींत चालवूं नये. त्याचा धूर विषारी आहे. पेट्रोलची नळी पाझरत असेल तर आधीं ती बदलावी.

६. कृति

(१) प्रथम डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांतील फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर करावी. फट बदलली कीं ठिणगीची वेळही बदलते. म्हणून हें काम नेहमीं आधीं. प्लगची फट ०.०३० इंच ठेवावी.

(२) प्लग व तारा लावाव्या. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. एंजिन चांगलें तापूं द्यावें व शक्य तितक्या मंद, सुमारें ६०० फेऱ्यांवर आणावें. वेग अधिक असल्यास वजनें फांकून आंकडा फसवा येतो.

(३) एंजिन बंद करून दिवा जोडावा. तांबडा चिमटा बॅटरीच्या धन टोंकास, काळा ऋण टोंकास. तारेवरील चिमट्यावर बाण असल्यास तो प्लगकडे करावा.

(४) डिस्ट्रिब्यूटरचा आवळपट्टा जरा सैल करावा. एंजिन सुरू करून दिवा दर्शकावर धरावा.

(५) ठिणगी लवकर आणावयाची असल्यास डिस्ट्रिब्यूटरचें अंग आंतील रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेस, उशिरां न्यावयाची असल्यास त्याच दिशेस, अगदीं किंचित् फिरवावें.

(६) खूण ५ अंशांवर येतांच एंजिन बंद करून पट्टा आवळावा व पुन्हां तपासावें. आवळतांना वेळ बहुधा थोडी सरकते.

७. दिव्यांत दिसणाऱ्या लक्षणांचे अर्थ

वेग हळूहळू वाढविला कीं खूण दर्शकापासून अधिक आधींच्या बाजूस सरकली पाहिजे व वेग उतरतांच परत आली पाहिजे. ती सरकत नसेल तर वजनें गंजून अडकलीं आहेत. गेली तशीच राहिली तर त्यांच्या स्प्रिंगा तुटल्या आहेत. खूण एका जागीं न ठरतां नाचत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा दांडा किंवा त्याचें बुश झिजलें आहे; अशा स्थितींत कितीही वेळां वेळ लावली तरी ती टिकणार नाहीं. खूण दर्शकाच्या आसपास मुळींच दिसत नसेल तर चिमटा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्लगच्या तारेवर लागला असण्याचा संभव आहे. चौथ्या तारेवर लागल्यास मात्र खूण जागच्या जागीं दिसते, कारण पहिला व चौथा हे दट्ट्ये एकदमच वर येतात.

अखेरची परीक्षा रस्त्यावर. ओझें भरून चढणीवर वरच्या गिअरांत गाडी ओढून पाहावी. ठोका ऐकूं आला तर एकदोन अंश उशीर करावा. पुस्तकांतील आंकडे ज्या काळीं ठरले त्या काळीं पेट्रोलचा ऑक्टेन कमी असे. आतां आपल्याच ऊस-मक्यापासून होणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळलें जातें, व सन २०२५ मध्यें तें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉलमुळें ठोका कमी होतो, परंतु जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. तेव्हां ठोका नाहीं म्हणून वेळ मनास येईल तशी पुढें ओढूं नये, आणि नळ्यांकडे लक्ष ठेवावें.

वेळ बरोबर लागल्यावरही हँडल मारतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा व हँडल खालून वर ओढावें. वरून खालीं दाबूं नये. लावलेला आंकडा, पॉइंटांची फट व तारीख एका वहींत टिपून ती गाडींतच ठेवावी. पुढील खेपेस मिस्त्री कोणीही असो, त्यास अंदाज करावा लागणार नाहीं, व धन्यासही आपल्या गाडीचा हिशेब स्वतःस वाचतां येईल.