काही डिस्क चालतात, काही चालत नाहीत : दोष कोठे शोधावा?

लॅपटॉपचा डिस्क ड्राइव्ह पूर्ण बंद पडला, तर दोष कोठे आहे हे लवकर कळते. पण एक सीडी चालते आणि दुसरी चालत नाही, तेव्हा घाईने ‘ड्राइव्ह गेला’ असे म्हणणे चुकीचे ठरते. नव्या लॅपटॉपमध्ये असा ड्राइव्ह सहसा नसतो, तरीही घरोघरीच्या कपाटांत डिस्क आहेत. त्यांवर लग्नाचे चित्रीकरण असते, दवाखान्याचे स्कॅन असतात, वडिलांच्या जुन्या पोस्टिंगच्या गावचे फोटो असतात. पुष्कळदा त्यांची दुसरी प्रत नसते. म्हणून दोष शोधण्याची पद्धत प्रत्येक छात्राला यावी.

उदाहरण म्हणून असे समजू. झाशीच्या अभ्यास सहलीतील लक्ष्मी तालाचे फोटो एका सीडीवर लिहून ठेवले आहेत. तलावाकाठी राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव यांची छत्री आहे. त्यांचे निधन २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाले. छत्रीचे, पाण्याचे, काठाच्या पायऱ्यांचे त्या दिवशीचे फोटो पुन्हा काढता येणार नाहीत. ही सीडी आपल्या लॅपटॉपवर उघडत नाही. मात्र दुकानातून आणलेली शब्दकोशाची सीडी चालते आणि चित्रपटाची डीव्हीडीही चालते. दोष कोणाचा?

आधी तत्त्व

डिस्क १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. ड्राइव्हमधील भिंग तिच्यावर लेझरचा किरण टाकते आणि परत आलेल्या प्रकाशावरून माहिती वाचते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा जांभळट. म्हणूनच डीव्हीडी ड्राइव्ह ब्लू-रे डिस्क कधीच वाचत नाही. तो बिघाड नव्हे.

कारखान्यात छापलेल्या डिस्कवर खड्डे असतात. घरी लिहिलेल्या सीडीवर सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर खुणा करतो. ऊन व उष्णता यांनी हा रंग बिघडतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी तर छापील सीडीपेक्षा खूपच कमी प्रकाश परतवते. त्यामुळे भिंगावर थोडी धूळ बसली की छापील डिस्क चालते आणि लिहिलेली अडते.

तपासणीचा क्रम

१. डिस्क नीट बसली आहे का? लॅपटॉपच्या ट्रेमध्ये ती मधल्या चकतीवर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत हलकेच दाबावी.

२. डिस्कवर काय छापले आहे ते वाचावे. सीडी, डीव्हीडी की ब्लू-रे? ड्राइव्हवरील खुणांशी ताडून पाहावे.

३. डिस्क दिव्यासमोर धरावी. आरपार टाचणीएवढी छिद्रे दिसली, तर तेथील थर निघाला आहे. सीडीत माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो. त्यामुळे लेबलच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये. वेगाने फिरताना ती फुटू शकते.

४. डिस्क मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये, कारण माहितीची रेघ गोलच फिरते आणि तिच्या दिशेने पडलेला ओरखडा जास्त माहिती झाकतो.

५. आता अदलाबदल. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी आणि आपल्या ड्राइव्हमध्ये त्याच जातीची दुसरी लिहिलेली डिस्क घालावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

निष्कर्ष कसा काढावा

सर्व सीडी अडतात पण डीव्हीडी चालतात (किंवा उलट), तर संशय त्या जातीच्या लेझरवर. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये दोघांसाठी वेगळे लेझर असतात.

फक्त लिहिलेल्या डिस्क अडतात, तर संशय भिंगावरील धुळीवर किंवा क्षीण झालेल्या लेझरवर.

डिस्क फक्त जेथे लिहिली त्याच संगणकावर उघडते, तर ती लिहून ‘बंद’ केलेली नसावी. त्याच संगणकावर ते काम पूर्ण करावे.

फोटोंची यादी दिसते, पण शेवटचे फोटो अडतात, तर डिस्कची बाहेरची कड तपासावी. वाचन मध्यापासून बाहेर होत जाते.

चित्रपटाच्या डीव्हीडीतील फाइली दिसतात पण चित्रपट लागत नाही, तर प्रदेश-क्रमांक पाहावा. भारताचा क्रमांक ५ आहे. ड्राइव्हचा क्रमांक साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो, म्हणून उगाच बदलू नये. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपटासाठी वेगळे सॉफ्टवेअरही लागते.

आपल्या उदाहरणात छापील सीडी चालली, म्हणजे सीडीचा लेझर निदान जिवंत आहे. लक्ष्मी तालाची सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर उघडली, तर प्रथम सर्व फोटो तेथेच उतरवून घ्यावेत आणि मग आपले भिंग साफ करावे. कोठेच उघडली नाही, तर दोष डिस्कचा.

भिंगाची सफाई

लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. ट्रेवरील भिंगावर रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, ओलावा बसतो. तेवढ्याने भागले नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. थिनर वापरू नये. ड्राइव्ह चालू असताना भिंगात कधीही पाहू नये.

माहिती हाती लागली की तिच्या दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवाव्यात. दुरुस्ती उद्या केली तरी चालते, प्रत आजच करावी.

स्वाध्याय

१. सीडीच्या कोणत्या बाजूचा ओरखडा अधिक घातक? का?
२. एका ड्राइव्हमध्ये सर्व डीव्हीडी अडतात, सीडी चालतात. पहिला संशय कशावर?
३. घरातील जुन्या डिस्कची यादी पालकांसह करा. ज्यांची दुसरी प्रत नाही, त्यांच्यापुढे खूण करा आणि तेथूनच कामाला सुरुवात करा.