पद्धतीचे मौन : चंदीगड परिसरातील द्रव-वर्णलेखनाचे प्रशिक्षण

१

रसायनशास्त्रातील ‘क्रोमॅटोग्राफी’ या संज्ञेला मराठीत ‘वर्णलेखन’ असा प्रतिशब्द योजला जातो. मूळ संज्ञा मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत योजली. काचेच्या नळीत खडूची बारीक भुकटी ठासून तिच्यातून पानांचा अर्क झिरपू दिला असता, अर्कातील निरनिराळी रंगद्रव्ये वेगवेगळ्या उंचीवर पट्ट्यांच्या रूपाने थांबतात, हे त्याने दाखवून दिले. त्याच्या आडनावाचा रशियन भाषेतील अर्थही ‘रंग’ असाच आहे, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे. मराठी प्रतिशब्दात आणखी एक अर्थच्छटा येऊन मिळाली. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे अक्षरही. त्यामुळे ‘वर्णलेखन’ हा शब्द वाचताना साहित्याच्या अभ्यासकाला प्रथम आपल्याच क्षेत्राची आठवण व्हावी, यात नवल नाही.

अर्थात संज्ञा टिकली, तरी तिचा विषय बदलला. आज औषधांच्या प्रयोगशाळांत ज्या द्रव्यांवर ही क्रिया केली जाते, त्यांतील बहुसंख्य रंगहीन असतात. १९४१ मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी लोकरीतील अमिनो आम्लांचा अभ्यास करताना दोन द्रवांमधील वाटणीवर आधारलेली पद्धती मांडली. अतिशय बारीक कण आणि मोठा दाब वापरल्यास पृथक्करण अधिक चांगले होईल, असेही त्यांनी त्याच निबंधात सुचविले होते. १९५२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९६० नंतरच्या दशकात त्यांची सूचना प्रत्यक्षात उतरली. तिचेच आजचे रूप म्हणजे ‘एचपीएलसी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे द्रव-वर्णलेखन होय.

या तंत्राची पद्धती विकसित करण्याचे शिक्षण विश्लेषकाला कसे दिले जाते आणि त्या शिक्षणातून ‘पद्धती’ या कल्पनेविषयी काय निष्पन्न होते, याचा विचार येथे करावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासातही पद्धतीची चर्चा पुष्कळ होते. परंतु आपली पद्धती काय पाहू शकत नाही, हे अभ्यासाच्या आरंभीच लिहून ठेवण्याची शिस्त तेथे फारशी रुजलेली नाही. प्रयोगशाळेत ती शिस्त सक्तीची आहे, कारण तेथील चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

२

अशा अभ्यासासाठी चंदीगड आणि त्याच्या लगतचा परिसर विशेष सोयीचा आहे. पंजाब विद्यापीठातील औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापनाचा आरंभ १९४४ साली लाहोरमध्ये झाला. फाळणीनंतर तो विभाग अमृतसरमार्गे चंदीगडला आला. विद्यापीठाचे मध्यवर्ती उपकरण-केंद्र बाहेरच्या संशोधकांचेही नमुने तपासून देते. शहराला लागून असलेल्या मोहालीत राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे ‘नायपर’, आहे. १९९८ च्या अधिनियमाने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. औषधांचे विश्लेषण हा तेथे स्वतंत्र विभागाचा विषय आहे. केंद्रशासनाची प्रादेशिक औषध-परीक्षण प्रयोगशाळा चंदीगडमध्येच आहे. याखेरीज हिमाचल प्रदेशातील बद्दी येथे, विशेषतः २००३ मध्ये जाहीर झालेल्या औद्योगिक सवलतींनंतर, औषधांचे कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. शिकविणाऱ्या संस्था, तपासणारी शासकीय प्रयोगशाळा आणि विश्लेषकांना कामावर घेणारे कारखाने इतके जवळजवळ असल्यामुळे, येथे शिकलेली पद्धती पुढे कोठे आणि कशी वापरली जाते, हे एकाच परिसरात पाहता येते.

३

प्रशिक्षणाचा पहिला धडा यंत्राला हात लावण्यापूर्वीच सुरू होतो. प्रश्न कोणता आहे, हे विश्लेषकाने प्रथम लिहावयाचे असते. गोळीतील औषधाचे प्रमाण मोजावयाचे आहे, त्यातील अशुद्धी शोधावयाच्या आहेत, की साठवणुकीत औषध किती विघटित झाले ते ठरवावयाचे आहे? तिन्ही प्रश्न एकाच गोळीसंबंधी असले, तरी त्यांच्यासाठी लागणाऱ्या पद्धती भिन्न असू शकतात. त्यानंतर रेणूची रचना, त्याची विद्राव्यता आणि आम्ल-अल्कधर्मी स्वभाव यांची माहिती जमविली जाते.

मग कॉलमची निवड. सर्वसाधारण वापरातील कॉलम म्हणजे पोलादाची १५० ते २५० मिलिमीटर लांबीची आणि ४.६ मिलिमीटर अंतर्व्यासाची नळी. तिच्यात सुमारे ५ मायक्रॉन आकाराचे सच्छिद्र सिलिकाचे कण भरलेले असतात व त्या कणांवर अठरा कार्बनच्या शृंखला जोडलेल्या असतात. नळीतून पाणी आणि मेथॅनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल यांचे मिश्रण पंपाने दाब देऊन सोडले जाते; प्रयोगशाळेच्या बोलीत ते ‘मोबाइल फेज’. पाण्याशी जवळीक असलेला घटक त्या प्रवाहाबरोबर लवकर बाहेर पडतो. तेलकट स्वभावाचा घटक कणांवरील शृंखलांजवळ रेंगाळतो. नळीच्या शेवटी असलेला शोधक बहुधा अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून घटकांची नोंद घेतो आणि आलेखावर एकामागून एक शिखरे उमटतात.

नवशिका विश्लेषक दोन शिखरे एकमेकांत मिसळलेली पाहतो, तेव्हा अधिक लांब कॉलम घ्यावा, असे त्याला साहजिकच वाटते. येथे त्याला एक हिशेब शिकविला जातो. इतर सर्व बाबी तशाच ठेवून कॉलमची लांबी दुप्पट केली, तर वेळ दुप्पट लागतो, परंतु दोन शिखरांमधील पृथक्ता सुमारे १.४ पटच वाढते. याउलट मिश्रणातील द्रावक बदलला किंवा सामू, म्हणजे पीएच, बदलला, तर दोन घटकांचे कॉलमशी असलेले नातेच बदलते आणि कित्येकदा ती शिखरे चटकन वेगळी होतात. सेंद्रिय द्रावकाच्या प्रमाणात दहा टक्क्यांचा फरक केल्यास घटक कॉलममध्ये धरून ठेवला जाण्याचे मान साधारणपणे दोन ते तीन पटींनी बदलते. सामू निवडताना तो औषधाच्या आयनीभवनाच्या बिंदूपासून शक्यतो दोन एककांनी दूर ठेवावा, अन्यथा थोड्याशा फरकानेही शिखराची जागा सरकते. पृथक्तेचे मान १.५ झाले, म्हणजे सारख्या आकाराची दोन शिखरे तळापर्यंत सुटी होतात. व्यवहारात २ किंवा त्याहून अधिक मानाचा आग्रह धरला जातो.

याबरोबरच हाताच्या सवयी लावल्या जातात. द्रावण ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून गाळून घ्यावयाचे. क्षारयुक्त द्रावण वापरल्यानंतर कॉलममध्ये एकदम शुद्ध सेंद्रिय द्रावक सोडावयाचा नाही, कारण क्षारांचे स्फटिक आतच साचतात. प्रथम पुरेसे पाणी मिसळलेल्या द्रावकाने धुवावयाचे. प्रत्यक्ष नमुना तपासण्यापूर्वी ज्ञात प्रमाणाचे द्रावण पाच-सहा वेळा सोडून मिळालेले आकडे एकमेकांशी पुरेसे जुळतात की नाही, हेही पाहावयाचे. नमुन्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार यंत्राला आणि विश्लेषकाला त्या दिवशी आहे काय, याची ही परीक्षा असते.

४

आलेखावरील एक शिखर म्हणजे एकच द्रव्य, ही समजूत दूर करणे हा यापुढचा धडा. या बाबतीत नायपरमधील काम उल्लेखनीय आहे. मोनिका बक्षी आणि सरणजित सिंह यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीक्षालेखात, औषधाची स्थिरता दाखविणाऱ्या पद्धती कशा विकसित कराव्यात, याची पायरीवार चिकित्सा केली. अशा पद्धतीत औषधाला आम्ल, अल्क, ऑक्सिडीकारक, उष्णता आणि प्रकाश यांच्या संपर्कात मुद्दाम ठेवून त्याचे विघटन घडवून आणतात. त्यातून निर्माण झालेली द्रव्ये मूळ औषधाच्या शिखराखाली दडून राहत नाहीत, हे सिद्ध झाल्यावरच पद्धती विश्वासार्ह मानली जाते.

क्षयरोगावरील संयुक्त गोळ्यांचे उदाहरण यासंबंधी बोधप्रद आहे. रिफाम्पिसिन हे औषध विटकरी लाल रंगाचे असते. जठरातील आम्लात त्याचे काही प्रमाणात विघटन होते आणि सोबत आयसोनियाझिड असेल, तर ते विघटन अधिक वेगाने होते, कारण विघटनातून निघालेले द्रव्य आयसोनियाझिडशी संयोग पावते. ही प्रक्रिया उलगडण्यात सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा महत्त्वाचा आहे. केवळ रंगाच्या तीव्रतेवरून मोजमाप केले, तर रिफाम्पिसिन आणि त्याची रंगीत विघटनद्रव्ये एकत्र मोजली जाण्याचा धोका असतो. रंग दिसतो, पण औषध तेवढे उरलेले नसते. क्षयरोग्याच्या दृष्टीने हा फरक किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको. वर्णाच्या नावाने ओळखली जाणारी ही विद्या येथे वर्णावर विसंबू नये, असेच शिकविते.

५

तथापि, शिखरे नीट सुटी झाली म्हणजे विश्लेषकाचे कर्तव्य संपले, असे मात्र नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते व त्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात जम्मू विभागातील उधमपूर जिल्ह्यात, रामनगर येथे, खोकल्याचे औषध घेतलेल्या किमान ११ मुलांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्या औषधाचा नमुना चंदीगडच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा त्यात तेच द्रव्य ३४.९७ टक्के आढळले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तीच शोकांतिका पुन्हा घडली. तेथील अनेक आजारी मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणावे लागले होते.

या घटनांचा द्रव-वर्णलेखनाच्या शिक्षणाशी असलेला संबंध नीट ध्यानात घेतला पाहिजे. खोकल्याच्या औषधातील गुणकारी घटकांचे प्रमाण या तंत्राने अचूक मोजता येते. परंतु डायएथिलिन ग्लायकॉलच्या रेणूत नेहमीच्या मापनासाठी वापरला जाणारा अतिनील प्रकाश शोषून घेणारा भाग नाही. शिवाय ते पाण्याशी इतके समरस होते, की नेहमीच्या कॉलममधून आरंभीच वाहून जाते. त्यामुळे आलेखावर गुणकारी घटकांची शिखरे रेखीव येतील, आकडे मर्यादेत बसतील आणि तरीही बाटलीत विष असू शकेल. ते शोधण्यासाठी वायु-वर्णलेखनासारखी वेगळी पद्धती लावावी लागते. म्हणजेच वेगळा प्रश्न विचारावा लागतो. येथे पद्धती खोटे बोललेली नसते. तिला जे विचारले, तेवढ्याचेच उत्तर तिने दिलेले असते. दोष असतो तो तिच्या मौनाला ‘काही नाही’ असा निर्वाळा समजणाऱ्याचा.

म्हणूनच पद्धती कशासाठी योग्य आहे, कोणत्या मर्यादेत योग्य आहे आणि कोणते द्रव्य किती अल्प प्रमाणात असेपर्यंत तिला दिसते, हे पद्धतीच्या नोंदीचे अविभाज्य अंग मानले जाते. पद्धतीच्या प्रमाणीकरणाची सुधारित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आणि तिच्या जोडीला पद्धती-विकासाची स्वतंत्र मार्गदर्शिका नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वीकारली गेली. पद्धतीचा हेतू आरंभीच निश्चित करावा, हे दुसऱ्या मार्गदर्शिकेतील एक प्रमुख सूत्र आहे.

६

साहित्याच्या अभ्यासात याच्याशी सर्वांत जवळचे नाते पाठचिकित्सेचे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. सी. सुखठणकर यांनी १९३३ मध्ये आदिपर्वाला जोडलेल्या प्रस्तावनेत हस्तलिखितांची वर्गवारी आणि पाठ निवडण्याचे निकष उघड मांडले. स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेदही छापले गेले. दुसऱ्या अभ्यासकाला तीच वाट चालून संपादकाचा निर्णय पडताळता यावा, हा त्यामागील हेतू. एका प्रयोगशाळेतील पद्धती दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या हातून, चालली पाहिजे, या अपेक्षेशी तो समांतर आहे.

परंतु हे साम्य फार ताणून चालणार नाही. औषधातील घटक वेगळे केले म्हणजे विश्लेषकाचे काम होते. साहित्यकृतीत मात्र ते मिश्रण हेच पुष्कळदा तिचे सत्त्व असते. दोन समीक्षकांचे निष्कर्ष दोन टक्क्यांच्या आत जुळावेत, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. घेण्यासारखे आहे ते मौनाचे भान. कवी, ग्रंथ आणि हस्तलिखित यांच्या आधाराने वाङ्मयेतिहास लिहावयाचा, ही पद्धती आपल्या जागी उपयुक्त आहे. परंतु तिच्या आलेखावर जात्यावरच्या ओवीचे शिखर उमटत नाही, कारण ओवीला बहुधा ज्ञात कवयित्री नाही आणि हस्तलिखितही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या तोवर नव्हत्या, असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या वेळी त्या गाइल्या जात होत्या. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न घेऊन जात्याजवळ जाऊन बसावे लागले, इतकेच.

चंदीगड परिसरातील प्रयोगशाळांत तरुण विश्लेषकाला आपल्या वहीत पद्धतीच्या हेतूशेजारी तिची मर्यादाही लिहावी लागते. तो ती लिहितो, कारण त्याच्या आलेखाच्या पलीकडे कोणाचे तरी मूल औषधाच्या चमच्याची वाट पाहत असते. साहित्याच्या अभ्यासकापुढे इतका निकडीचा प्रसंग क्वचितच येतो. तथापि, त्याच्या पद्धतीने जे ऐकले नाही, त्याच्यामागेही माणसेच असतात. एवढे ध्यानात ठेवून प्रत्येक प्रबंधाच्या आरंभी ‘ही पद्धती काय पाहू शकत नाही’ असे एक प्रकरण लिहिण्याची प्रथा पडली, तर ‘वर्णलेखन’ या शब्दातील दोन अर्थ खऱ्या अर्थाने एकत्र आले, असे म्हणता येईल.