पशुखाद्य सल्ला : घरचा भरडा पेंडीची जागा घेत नाही



बाजरी-मका घरात आली की आंबोणात भरडा वाढतो आणि पेंड कमी होते. पेंड विकतची, धान्य घरचं, त्यामुळे हिशोब बरोबर वाटतो. पण दोघांचं काम वेगळं आहे.

*धान्य म्हणजे ताकद (ऊर्जा)*
मक्यात प्रथिने (प्रोटीन) साधारण 9 टक्के, बाजरीत 10-11, ज्वारीच्या कडब्यात फक्त 3-4. नुसत्या कडबा-भरड्यावर दुभत्या गाईचं भागत नाही. दूध घटतं, कालवड वाढत नाही.

*पेंड म्हणजे प्रथिने*
सरकी पेंड (टरफलासह) सुमारे 22 टक्के, सोयाबीन पेंड 45, शेंगदाणा पेंड 40 च्या वर. पण नुसती पेंड वाढवूनही उपयोग नाही. पोटातल्या जिवाणूंना प्रथिने वापरायला धान्याची ऊर्जा लागते. ती कमी पडली तर महागाची पेंड लघवीवाटे वाया जाते.

*भाव असा तपासा*
किलोचा भाव ÷ प्रथिनांचे टक्के × 100.
समजा सरकी पेंड 33 रुपये किलो : 1 किलो प्रथिने 150 रुपयांना पडली.
सोया पेंड 45 रुपये किलो : 100 रुपयांना.
म्हणजे पोतं महाग, पण प्रथिने स्वस्त. तरी सरकी पूर्ण बंद करू नका, तिच्यातून तेलही मिळतं. दोन्ही मिसळा.

*100 किलो आंबोण (प्रथिने सुमारे 19 टक्के)*
▪ मका/बाजरी भरडा 30 किलो
▪ सरकी पेंड 30
▪ सोया पेंड 15
▪ गहू भुस्सा 12
▪ तूर चुनी 10
▪ खनिज मिश्रण 2
▪ मीठ 1

*किती द्यायचं?*
गाईला शरीरासाठी दीड किलो, शिवाय दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम. दोन वेळा विभागून द्या. हिरवा चारा आणि कडबा सोबत हवाच.

*एवढं सांभाळा*
1. धान्य एकदम वाढवू नका, 8-10 दिवसांत हळूहळू वाढवा. जनावराने धान्याच्या पोत्यात तोंड घातलं, रवंथ बंद झाला, शेण पातळ झालं तर लगेच पशुवैद्यकांना बोलवा. उशीर झाला तर जनावर दगावतं.
2. बुरशी लागलेला मका किंवा पेंड गव्हाणीत टाकू नका. बुरशीचं विष दुधात उतरतं.

खाद्य बदलण्याआधी आठवडाभराचं दूध वहीत लिहा, बदलल्यावर पुन्हा लिहा. फरक तुम्हालाच दिसेल.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, तिसगाव