फुप्फुस तक्रार का करीत नाही?

फुलसावंगीच्या बसथांब्यावर विडी ओढत उभा असलेला एखादा विशीतला तरुण डोळ्यांसमोर आणा. सकाळी खोकला येतो म्हणून तो मनातून घाबरलेला आहे. परंतु धावत जाऊन गाडी पकडता येते, छातीचा एक्स-रेही स्वच्छ आला, म्हणून तो निर्धास्त होतो. यात खरे काय? उत्तर तुमच्या विजेच्या धड्यात आहे.

आपली श्वासनळी सुमारे पावणेदोन सेंटिमीटर रुंद असते. तिला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. असे सोळा वेळा झाले की ६५,५३६ नलिका होतात. प्रत्येकीची रुंदी जेमतेम अर्धा मिलिमीटर! नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिचा रोध सोळापट होतो, हे प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. मग इतक्या बारीक नलिकांतून श्वास चालतो कसा? कारण त्या समांतर जोडणीत आहेत.

शरबताची एकच नळी ओठांत धरा, नाक दाबा आणि क्षणभर श्वास घेऊन पाहा. जड जाईल. आता वीस नळ्यांची जुडी धरा व त्यांतील दोन बुजवा. फरक कळणारही नाही. (दमा असलेल्यांनी हा प्रयोग करू नये.)

निरोगी माणसात श्वासमार्गाचा एकूण रोध १०० मानला, तर बारीक नलिकांचा वाटा १० ते २० असतो. तो १० धरू. निम्म्या नलिका बंद पडल्या तर १० चे २० होतील, पण एकूण रोध फक्त ११०! तीन चतुर्थांश बंद पडल्या तरी १३०. धुराने सूज आणि चिकट कफ प्रथम धरतो तो नेमका याच नलिकांत. तेथे एक्स-रेलाही सुरुवातीला काही दिसत नाही.

पानात गुंडाळलेली म्हणून विडी सौम्य, हा समज आपल्याकडे फार. तेंदूचे पान आपल्याच रानातले ना! पण हे पान सच्छिद्र नसते आणि सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून सिगारेटपेक्षा अधिक वेळा झुरके घ्यावे लागतात.

तेव्हा त्या तरुणाची भीती रास्त आहे. मात्र हताश होण्याचे कारण नाही. फ्लेचर व पेटो यांनी लंडनमधील पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९७७ साली निष्कर्ष मांडला. वयाबरोबर फुंकण्याची क्षमता सर्वांचीच घटते. ज्यांना धूर बाधतो त्यांची फार वेगाने. धूम्रपान सोडले की गेलेली क्षमता पुरती परत येत नाही, पण पुढील घट न ओढणाऱ्याइतकी मंद होते. विशीत सोडणाऱ्याचे गेलेले थोडेच असते.

शंका असेल त्याने डॉक्टरांकडून स्पायरोमीटरवर फुंकून घ्यावे. छाती भरून घेतलेली हवा जोराने सोडताना पहिल्या सेकंदात तिचा ७० टक्क्यांहून कमी भाग बाहेर आला, तर मार्ग अरुंद झाल्याची ती खूण समजतात.