ध्वनीची दृष्टी

सेकंदास २०,००० कंपनांहून अधिक वेगाचा ध्वनी मनुष्यास ऐकू येत नाही. तो शरीरात सोडला असता त्याचे प्रतिध्वनी परततात व त्यांवरून यंत्र आतील चित्र रेखाटते. हीच सोनोग्राफी. हे चित्र क्षणात दूर धाडता येते. अंतराळस्थानकातील यात्रिकांनी पृथ्वीवरील तज्ज्ञांच्या सूचनेवरून परस्परांची अशी तपासणी केली आहे. मग मेळघाटातील मातेस अमरावती वा अकोल्याचा डॉक्टर याच रीतीने का तपासू शकणार नाही? परंतु या यंत्राने गर्भातील कन्या ओळखून तिचा घात होऊ लागला. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला; पुढे यंत्रांची नोंदणीही आवश्यक ठरली. आता ते कोणासही स्वेच्छेने गावोगाव नेता येत नाही. कन्येचा अनादर शेवटी मातेसही भोवतो, हे आपण विसरू नये.